गाडगेबाबा आणि रुग्णालयाबाहेरची रात्र

कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात रात्री दहानंतर चक्कर मारली, तर दिवसा न दिसणारी एक वस्ती दिसते. ओपीडीच्या पायऱ्यांवर, झाडाच्या पारावर, अपघात विभागाच्या व्हरांड्यात माणसे चादर अंथरून पडलेली असतात. उशाला एक्स-रेचे पाकीट आणि औषधांची पिशवी. ही माणसे आजारी नसतात, त्यांचा माणूस आत वॉर्डात असतो. एका खाटेमागे एकालाच पास मिळतो. बायकांच्या वॉर्डात रात्री नवऱ्याला किंवा मुलाला थांबता येत नाही. मग गडचिरोलीहून, नंदुरबारहून किंवा लातूरकडच्या एखाद्या वाडीवरून आलेल्या बाकीच्यांनी जायचे कुठे? केसपेपरवर या प्रश्नासाठी रकाना नसतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न ज्यांनी फार लवकर ओळखला, त्यांचे शाळेत शिक्षण झालेले नव्हते, मग वैद्यकीय शिक्षणाचा प्रश्नच नाही. ते होते संत गाडगेबाबा. हातातला खराटा, डोक्यावरचे मातीचे गाडगे, अंगावरची चिंध्यांची गोधडी आणि रात्ररात्र रंगणारे कीर्तन यांमुळे बाबा घराघरांत माहीत आहेत. लोकांच्या देणगीतून रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी काय उभे केले, हे मात्र तेवढे सांगितले जात नाही. बाबांचे आयुष्य आज या बाजूने पाहू.

दारू, कर्ज आणि अंगठा

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परीट कुटुंबात. वडील झिंगराजी यांना दारूचे व्यसन लागले. त्यात घर खंगत गेले आणि डेबू आठ वर्षांचा असताना वडीलही गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे भावाच्या आश्रयाला आल्या. मामाची गुरे राखत, पुढे शेती करत डेबू मोठा झाला. तिथे त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. लिहिता-वाचता न येणारा माणूस सावकाराच्या कागदावर अंगठा उठवतो आणि कागदावर काय लिहिले होते, हे जमीन गेल्यावर त्याला कळते.

बाबांच्या पुढच्या सगळ्या कीर्तनांचा मसाला या बालपणात आहे. दारू पिऊ नका, कर्ज काढून सण आणि लग्ने करू नका, मुलांना शिकवा, देवापुढे कोंबडी-बकरी कापू नका, शिवाशीव पाळू नका, गाव स्वच्छ ठेवा, हेच ते आयुष्यभर सांगत राहिले. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत घालायला त्यांनी नकार दिला आणि गोडाचे जेवण वाढले, ही हकिकत त्यांच्या चरित्रांत आवर्जून येते.

डॉक्टर म्हणून मला ही यादी ओळखीची वाटते. यकृताच्या आजाराने दाखल झालेल्या रुग्णाचा इतिहास विचारावा, तर दारू येते. उपचारासाठी पैसे कुठून आणले, हे विचारावे, तर कर्ज येते. मुळात इतका उशीर का केला, हे विचारावे, तर देवऋषी आणि अज्ञान येते. बाबांना रोगांची नावे ठाऊक नव्हती. रोग घरात कोणत्या दाराने शिरतो, हे मात्र त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते.

पंढरपूरची वारी आणि पटकी

फेब्रुवारी १९०५ मध्ये एका रात्री डेबूजींनी घर सोडले. मागे आई होती, पत्नी कुंताबाई होत्या, लहान मुले होती. पुढची बारा वर्षे ते गावोगाव हिंडले. ज्या गावात जायचे, तिथे आधी रस्ता झाडायचा, गटार उपसायचे. कुणी भाकरी दिली तर ती गाडग्यात घेऊन खायची आणि पुढच्या गावाला निघायचे. लोकांनीच त्यांना गाडगेबाबा म्हणायला सुरुवात केली.

या भटकंतीत त्यांनी तीर्थक्षेत्रे पाहिली. पंढरपूरच्या वारीला लाखो माणसे येत. श्रीमंतांसाठी बडव्यांचे वाडे होते. गरीब वारकरी वाळवंटात किंवा रस्त्याच्या कडेला झोपे. तिथेच स्वयंपाक, तिथेच प्रातर्विधी आणि प्यायला चंद्रभागेचे पाणी. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना तर धर्मशाळेची पायरीही चढता येत नसे.

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पंढरपूरची वारी आणि पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ ही जणू ठरलेली जोडी होती. पटकीचा जंतू रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो. जोराचे जुलाब होतात, काही तासांत शरीरातले पाणी आणि क्षार संपतात. शिरेतून सलाइन देण्याची सोय खेड्यापाड्यांत नव्हती आणि मीठ-साखर-पाणी तोंडाने देऊन जीव वाचतो, हे शास्त्राने दाखवून द्यायला अजून अर्धे शतक होते. अशा काळात साथीवरचा खरा उपाय एकच होता. माणसांना राहायला छप्पर, प्यायला चांगले पाणी आणि शौचाला वेगळी जागा द्यायची.

१९१७ च्या सुमारास बाबांनी पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावाने, ज्यांना कुठेच थारा नव्हता त्यांच्यासाठी, धर्मशाळेचे काम हाती घेतले. पुढे नाशिक, देहू, आळंदी, मूर्तिजापूर अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्याआधी ऋणमोचन येथे पूर्णा नदीवर त्यांच्या खटपटीने घाट झाला होता. तिथेच अंध, अपंग आणि महारोगी यांच्यासाठी अन्नाचे सदावर्त सुरू झाले. महारोग्याची सावली टाळणाऱ्या त्या काळात बाबा या माणसांना स्वतः आंघोळ घालत, कपडे देत आणि जेवू घालत. कुष्ठरोग सहजासहजी पसरत नाही, हे आज आपण पुस्तकात वाचून सांगतो. बाबांनी ते हाताने करून दाखवले.

पैसा कसा जमवला?

एवढ्या इमारतींना पैसा लागतो. ज्याच्याकडे स्वतःची धड वस्त्रेही नव्हती, त्याला तो मिळाला कसा? बाबांनी निधी जमवण्याची जी रीत पाळली, ती आज प्रत्येक धर्मादाय संस्थेने अभ्यासावी अशी आहे.

पहिली गोष्ट, ते पैसा हातात घेत नसत. कीर्तनानंतर आरतीचे ताट फिरवणे, पाया पडून घेणे, दक्षिणा स्वीकारणे त्यांना मंजूर नव्हते. ज्याला द्यायचे आहे, त्याने विटा द्याव्यात, लाकूड द्यावे, धान्य द्यावे, किंवा विश्वस्तांकडे रक्कम जमा करून पावती घ्यावी.

दुसरी गोष्ट, देणगी मागण्याआधी ते स्वतः कामाला लागत. दुपारी ज्या माणसाने गावाची गटारे उपसलेली लोकांनी पाहिली, तोच रात्री कीर्तनाला उभा राही. त्यामुळे त्याने एखाद्या कामासाठी मदत मागितली की ती खरोखर त्याच कामाला लागणार, याबद्दल शंका उरत नसे. व्यापारी, गिरणीमालक, सरकारी अधिकारी आणि शेतमजूर सगळेच देत.

तिसरी आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे त्यांनी या सगळ्या मालमत्तेचे विश्वस्त मंडळ केले आणि त्यावर स्वतःचा किंवा आपल्या घरच्यांचा हक्क ठेवला नाही. बाबांच्या नावाने इमारती उठत होत्या तेव्हा कुंताबाई साध्या झोपडीत राहत होत्या. घरच्यांना याचा त्रास झाला नसेल असे म्हणता येणार नाही. आपल्या माणसांवर इतके कठोर व्हावे का, हा प्रश्न वाचकाला पडला तर तो रास्तच आहे. पण जमवलेल्या निधीवर पुढे कुणाला बोट ठेवता आले नाही, त्याचे एक मोठे कारण हेच होते. १९५२ मध्ये या सगळ्या कामासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले.

जे. जे.च्या दारात

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा जन्मच मुळी देणगीतून झाला. लहानपणीच पोरके झालेले आणि जुन्या बाटल्यांच्या धंद्यापासून सुरुवात केलेले व्यापारी सर जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले आणि १८४५ मध्ये ते रुग्णालय सुरू झाले. मुंबईतल्या गरिबांना त्यामुळे खाट मिळाली, डॉक्टर मिळाले, शेजारी वैद्यकीय महाविद्यालयही आले.

पुढच्या शंभर वर्षांत शहर वाढले, रेल्वे आली, एसटी आली. शेजारच्या गल्लीतलाच रुग्ण रुग्णालयात येईल, हा हिशेब मागे पडला. विदर्भातून, खानदेशातून, कोकणातून माणसे येऊ लागली. त्यांच्यासाठी खाट होती, पण त्या खाटेजवळच्या माणसाला मुंबईत एक रात्र काढायलाही जागा नव्हती. बाबांची नजर नेमकी तिथे गेली. १९५४ मध्ये जे. जे. रुग्णालयातील रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांच्या प्रयत्नाने धर्मशाळा झाली.

पंढरपूर ते भायखळा हा प्रवास वरवर पाहता मोठा आहे. बाबांच्या दृष्टीने तो नव्हता. देवाच्या दारी आलेला गरीब माणूस आणि रुग्णालयाच्या दारी आलेला गरीब माणूस, दोघेही परक्या गावात, हातात मोजके पैसे घेऊन, एका आशेवर रस्त्यात झोपलेले असतात. त्यांनी वारकऱ्यासाठी जे केले, तेच रुग्णाच्या आईसाठी केले.

राहण्याची सोय हाही उपचार

नातेवाइकाला छप्पर मिळाले तर रुग्णाचे काय भले होते? वैद्यकीयदृष्ट्या बरेच होते.

आपल्या सरकारी रुग्णालयात परिचारिकांची संख्या नेहमीच अपुरी असते. रक्तपेढीतून पिशवी आणणे, तपासणीचा नमुना पोहोचवणे, रुग्णाला कुशीवर वळवणे, भरवणे, स्वच्छतागृहात नेणे ही कामे प्रत्यक्षात नातेवाईक करतात. दोन रात्री डासांत आणि पावसात जागलेला माणूस तिसऱ्या दिवशी औषधाची वेळ चुकवतो किंवा स्वतःच तापाने पडतो. आंघोळ न करता, हात न धुता तो रुग्णाजवळ बसला, तर शस्त्रक्रियेच्या जखमेलाही धोका वाढतो. बाहेरचे विकतचे खाणे चार दिवसांत खिसा रिकामा करते आणि मग अर्ध्या उपचारातून घरी जाण्याचा विषय निघतो. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेणाऱ्यांना कारण विचारले, तर अनेकदा औषधाची किंमत हे कारण नसतेच. मुक्काम परवडत नाही, हे असते.

कर्करोगात तर मुक्काम आणि उपचार वेगळे काढताच येत नाहीत. तोंडाच्या, घशाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला रेडिएशन द्यायचे असेल, तर आठवड्यातून पाच दिवस असे पाच ते सात आठवडे यावे लागते. प्रत्येक वेळी काम काही मिनिटांचे. पण मध्ये खंड पडला, तर उरलेल्या कर्कपेशी पुन्हा वाढू लागतात. या कर्करोगांत उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने घटते, असे मानले जाते. जळगावच्या रुग्णाने मुंबईत सात आठवडे राहायचे कुठे, या प्रश्नाच्या उत्तरावर त्याचे बरे होणे अवलंबून असते.

दादर येथे गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेणारे रुग्ण आणि नातेवाईक नाममात्र खर्चात राहतात. त्यांत महाराष्ट्राबाहेरचेही बरेच असतात. वऱ्हाडातल्या एका संताच्या नावाखाली बिहारचे किंवा बंगालचे कुटुंब केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांमधले दिवस काढते, ही गोष्ट बाबांना आवडली असती. लहान मुलांच्या कर्करोगात हाच विचार २००६ पासून सेंट ज्यूड या संस्थेने पुढे नेला. देणग्यांवर चालणाऱ्या तिच्या केंद्रांत मूल आणि आईवडील उपचार संपेपर्यंत विनामूल्य राहतात.

सदावर्ताचेही तसेच. क्षयरोग आणि उपासमार यांचे नाते जुने आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरच्यांना दरमहा शिधा देऊन झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या घरांत सगळ्यांना जास्तीचा शिधा मिळाला, तिथे घरातील इतरांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. डाळ-तांदळाच्या पोत्याने रोग टळतो, याचा हा शास्त्रीय पुरावा आहे.

पायाभरणीनंतरचा खराटा

देणगीदाराला इमारतीवर नाव हवे असते. यंत्र दिले तर त्याचा फोटो निघतो. पण त्या इमारतीतले शौचालय रोज तीनदा धुण्यासाठी कोणी पैसे देत नाही. दान मिळालेली कितीतरी यंत्रे एका सुट्या भागाअभावी कापडाखाली झाकून पडलेली असतात. कितीतरी पाणपोया पहिल्या उन्हाळ्यानंतर कोरड्या असतात. देणगी कमी पडते त्यापेक्षा देखभाल कमी पडते.

इथे बाबांचा खराटा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यांच्यासाठी इमारत बांधून झाली की काम संपत नसे, तिथून सुरू होई. धर्मशाळा स्वच्छ राहिली पाहिजे, तिथे जातपात विचारली जाऊ नये, येणाऱ्याचा अपमान होऊ नये, यावर त्यांचा कटाक्ष असे. फुकट मिळते म्हणून घाण चालेल, हे त्यांना मान्य नव्हते. गरिबाला मिळणारी गोष्टही नीटनेटकी हवी, हा त्यांचा हट्ट होता. रुग्णाचा अनुभव सुधारायचा म्हणजे शेवटी काय? स्वच्छ चादर, बंद होणारे शौचालयाचे दार, गरम जेवण आणि खेकसून न बोलणारा माणूस.

एक सावधगिरीही सांगायला हवी. लोकांनी धर्मशाळा बांधली म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. खाटा, परिचारिका, औषधे ही करदात्याच्या पैशातूनच यायला हवीत. दानाच्या भरवशावर ती सोडली, तर ज्या रुग्णालयाजवळ श्रीमंत वस्ती आहे त्याचीच भरभराट होईल आणि मेळघाटातले ग्रामीण रुग्णालय तसेच राहील. सरकारी यंत्रणेच्या नियमात न बसणाऱ्या फटी बुजवणे, हे दानाचे काम.

शेवटचा प्रवास आणि आपला वाटा

बाबा शेवटपर्यंत हिंडत राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी वाहनातच त्यांचा मृत्यू झाला. वय ८० वर्षांचे. त्यांनी कुणाला शिष्य केले नव्हते, स्वतःला कुणाचा गुरू मानले नव्हते, मूर्ती नको म्हणून सांगितले होते. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे, ग्रामस्वच्छता अभियानालाही आहे.

वाचकांपैकी अनेकांना वाढदिवसाला, आईवडिलांच्या स्मृतिदिनाला रुग्णालयात काही द्यावेसे वाटते. बहुतेक वेळा वॉर्डात केळी आणि बिस्किटे वाटली जातात. मधुमेही रुग्णालाही ती मिळतात आणि उपाशीपोटी शस्त्रक्रियेसाठी ठेवलेल्यालाही. त्याऐवजी आधी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत हे पद असते आणि कोणत्या रुग्णाचे काय अडले आहे, याची खरी यादी त्यांच्याकडे असते. एखाद्याला गावी परतण्यासाठी तिकीट हवे असते, एखाद्याला कुबड्या किंवा चाकाची खुर्ची, एखाद्या बेवारस वृद्धाला डायपर. गरीब रुग्णांसाठीच्या निधीत, अर्थात पुअर बॉक्समध्ये, रक्कम भरून पावती घेता येते. क्षयरुग्णाला किमान सहा महिने पोषण आहार द्यायचा असेल, तर २०२२ पासून निक्षय मित्र म्हणून नोंदणीची सोय आहे. रुग्णांसाठी चालणाऱ्या धर्मशाळेला देणगी देताना तिथे एकदा जाऊन यावे, स्वयंपाकघर आणि शौचालय पाहावे, आणि शक्य असेल तर नव्या खोलीऐवजी जुन्या खोल्यांच्या वर्षभराच्या साफसफाईचा खर्च उचलावा.

त्या खर्चाची पाटी कुठे लागणार नाही. पण पहाटे उठून स्वच्छ न्हाणीघरात आंघोळ करून, दोन घास खाऊन वॉर्डात गेलेली आई आपल्या मुलाला औषध वेळेवर देईल.